त्रिबिंदू प्रकाशयोजना : आकृती, जागा आणि चेहरा



व्हिडिओ निर्मितीच्या कोणत्याही प्राथमिक पुस्तकात एक आकृती हमखास सापडते. मध्ये एक वर्तुळ, म्हणजे बसलेली व्यक्ती. तिच्यासमोर कॅमेरा. कॅमेऱ्याच्या एका बाजूला की लाइट, दुसऱ्या बाजूला फिल लाइट आणि व्यक्तीच्या पाठीमागे बॅक लाइट. परीक्षेत ही आकृती काढली की गुण मिळतात आणि प्रात्यक्षिकात तीन स्टँड त्या-त्या जागी उभे केले की काम झाले असे वाटते. या पाठात आपण ही आकृती आधी समजून घेऊ आणि मग तिची चिकित्सा करू.

चिकित्सेची गरज अशी की या आकृतीत दोन गोष्टी न सांगता गृहीत धरलेल्या आहेत. पहिली, व्यक्ती जिथे बसली आहे त्या जागेला स्वतःचा उजेड नाही. दुसरी, त्या वर्तुळात येऊन बसणारे सगळे चेहरे सारखे आहेत. तुम्ही ज्या खोल्यांमध्ये आणि ज्या माणसांचे चित्रीकरण कराल, तिथे ही दोन्ही गृहीतके पहिल्याच दिवशी खोटी ठरतील. म्हणून एक मुद्दा सुरुवातीलाच मांडतो : त्रिबिंदू प्रकाशयोजनेतली तीन कामे खरी आहेत, तीन जागा मात्र ठरलेल्या नाहीत. कामे लक्षात ठेवा. जागा समोरचा चेहरा आणि आजूबाजूचा उजेड पाहून ठरवा.

१. तीन कामे

की लाइट म्हणजे मुख्य प्रकाश. चेहऱ्याला आकार देणे हे त्याचे काम. पुस्तके तो कॅमेऱ्याच्या रेषेपासून ३० ते ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या पातळीहून साधारण तेवढ्याच कोनात वर ठेवायला सांगतात. या कोनामागे कारण आहे. दिवा कॅमेऱ्याच्या अगदी जवळ असला तर सावल्या चेहऱ्यामागे लपतात, नाक आणि गाल सपाट दिसतात. फार वर गेला तर डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. फार बाजूला गेला तर अर्धा चेहरा नाहीसा होतो. म्हणजे ३० ते ४५ अंश ही धोका कमी असलेली जागा आहे. ती सुरुवात म्हणून चांगली आहे. तिथेच थांबायचे की नाही, हे चेहरा सांगेल.

फिल लाइट म्हणजे पूरक प्रकाश. सावली किती गडद ठेवायची हे तो ठरवतो. येथे प्रमाणाचा विचार येतो. चेहऱ्याच्या उजळ बाजूवर गडद बाजूच्या दुप्पट प्रकाश असेल तर प्रमाण २:१, म्हणजे एका स्टॉपचा फरक. ४:१ म्हणजे दोन स्टॉप, ८:१ म्हणजे तीन. २:१ मध्ये चेहरा मोकळा, प्रसन्न वाटतो. ८:१ मध्ये तोच चेहरा काहीतरी लपवतो आहे असे वाटू लागते. माणूस तोच, वाक्य तेच. प्रेक्षकाचे मत मात्र फिलच्या अंतराने बदलते. दिवा लहान असेल तर त्याचे अंतर दुप्पट केल्यावर प्रकाश चौथाई होतो. दीड मीटरवरचा फिल तीन मीटरवर नेला की दोन स्टॉप कमी झाले. तुमच्याकडे डिमर नसेल तर खोलीतली फरशीच तुमचा डिमर आहे.

बॅक लाइट म्हणजे पाठीमागचा प्रकाश. केस आणि खांदे यांच्यावर उजेडाची कड काढून व्यक्तीला पार्श्वभूमीपासून सुटे करणे हे त्याचे काम. कृष्णधवल चित्रपटाच्या काळात हे काम फार महत्त्वाचे होते. लाल साडी आणि हिरवी भिंत डोळ्यांना वेगळी दिसते, पण कृष्णधवल फिल्मवर दोन्ही एकाच करड्या छटेत उतरू शकतात. मग कडेचा प्रकाश नसेल तर नटी भिंतीत विरघळून जाते. रंगीत व्हिडिओत रंगच हे काम बऱ्याचदा करून टाकतो. व्यक्तीला भिंतीपासून दोन मीटर पुढे बसवले, भिंत थोडी अंधारात ठेवली, तरीही ती सुटी दिसते. तेव्हा दिवे कमी पडले तर आधी बॅक लाइटला सुट्टी देता येते. आकृतीत तो उरलेल्या दोघांच्या तोलामोलाचा दिसतो. व्यवहारात तसे नसते.

२. जागेला स्वतःचा उजेड असतो : ‘अपराजितो’

आता पहिले गृहीतक तपासू. सत्यजित राय यांच्या ‘अपराजितो’ (१९५६) या चित्रपटात हरिहरचे कुटुंब काशीत एका जुन्या घरात राहते. अशा घरांच्या मधोमध अंगण असते आणि उजेड वरच्या आकाशाच्या तुकड्यातून खाली झिरपतो. या उजेडाला ठळक दिशा नसते. त्यात नाकाची धारदार सावली पडत नाही, भिंतीवर माणसाची काळी आकृती उमटत नाही. काशीतले हे घर कोलकात्याच्या स्टुडिओत उभारायचे ठरले. कला दिग्दर्शक बंसी चंद्रगुप्त यांनी नेपथ्य केले. छायालेखक सुब्रत मित्र यांच्यासमोर प्रश्न राहिला : आकाशाचा हा सावलीविना उजेड दिव्यांनी आणायचा कसा?

स्टुडिओच्या रूढ पद्धतीप्रमाणे की, फिल आणि बॅक लावले असते तर चेहरे सुबक दिसले असते आणि घर खोटे ठरले असते. अंगणात उभ्या असलेल्या सर्वजयेच्या गालावर कोपऱ्यातून झोत पडला की प्रेक्षकाला नकळत कळते, तिथे दिवा आहे. मित्र यांनी अंगणाच्या वर पांढरे कापड ताणून बसवले आणि खालून दिवे त्या कापडावर मारले. कापडावरून परतलेला प्रकाश आकाशासारखा खाली पसरला. आज आपण ज्याला सहज ‘बाउन्स’ म्हणतो, त्याचा इतका विचारपूर्वक वापर त्या काळात दुर्मीळ होता.

त्रिबिंदूच्या भाषेत पाहिले तर या दृश्यांत ठळक असा की लाइट जवळजवळ नाहीच. जे आहे ते सगळे फिलसारखे, वरून येणारे. सूत्राच्या दृष्टीने ही उणीव आहे. पण हरिहर त्या घरात आजारी पडून जातो, तेव्हा त्या मऊ, दिशाहीन उजेडात कोणाच्याही दुःखावर बोट ठेवलेले नसते. दिवा ‘इकडे पाहा’ असे सांगत नाही. मरण त्या घरात घडते, जसे दुपारी इतर सगळे घडते. प्रकाशाने जागेशी इमान राखले, म्हणून दृश्य खरे वाटते.

येथून घ्यायचा धडा साधा आहे. दिवा लावण्यापूर्वी विचारा : या खोलीत उजेड येतो कुठून? उत्तर ‘त्या खिडकीतून’ असे असेल तर तुमचा की लाइट खिडकीच्याच बाजूला असला पाहिजे. खिडकी डावीकडे दिसते आहे आणि चेहरा उजवीकडून उजळला आहे, अशी चौकट प्रेक्षक तोंडाने नाकारत नाही, पण त्यावर विश्वासही ठेवत नाही.

३. एकच झोत : ‘कागज़ के फूल’

दुसरे उदाहरण अगदी उलट टोकाचे. गुरुदत्त यांच्या ‘कागज़ के फूल’ (१९५९) मध्ये छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी रिकाम्या स्टुडिओतल्या गाण्यासाठी उंचावरून तिरपा उतरणारा प्रकाशाचा एक जाड झोत वापरला. गुरुदत्त आणि वहीदा रहमान त्या मोठ्या अंधाऱ्या जागेत एकमेकांपासून दूर उभे आहेत. झोतासाठी मूर्तींनी आरशांच्या साहाय्याने बाहेरचे ऊन स्टुडिओत आणले. हवेतल्या कणांवर ते ऊन पडले आणि प्रकाशाला जणू घनरूप आले.

येथे फिलला जवळजवळ रजा दिलेली आहे. चेहऱ्यांचे मोठे भाग अंधारात जातात. सूत्राने जे ‘दिसले पाहिजे’ म्हणून सांगितले, ते दिसत नाही. पण या प्रसंगात सांगायचेच ते आहे : दोन माणसांच्या मधली जागा त्या दोघांपेक्षा जास्त उजळ आहे. बोलता न येणारी गोष्ट तिथे, मधल्या प्रकाशात, उभी आहे. फिल वाढवून दोन्ही चेहरे नीट उजळले असते तर दोन देखणे चेहरे मिळाले असते आणि त्यांच्यातले अंतर हरवले असते.

मित्र यांनी दिशा सोडली, मूर्ती यांनी सावली भरण्याचे सोडले. दोघांनी सूत्र मोडले असे म्हणण्यापेक्षा, तीनपैकी कोणत्या कामाची या दृश्याला गरज नाही हे दोघांना ठाऊक होते, असे म्हणणे योग्य होईल. काय सोडायचे हे ठरवण्यासाठी तिन्ही कामे आधी ओळखावी लागतात. म्हणून सूत्र शिकायचेच. मात्र ते उत्तर म्हणून शिकू नका, प्रश्नावली म्हणून शिका.

४. सगळे चेहरे सारखे नसतात

आता दुसरे गृहीतक. या पाठातला हा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण यात चुकले तर नुकसान चित्राचे होत नाही, माणसाचे होते.

विसाव्या शतकात रंगीत छायाचित्रे छापणाऱ्या प्रयोगशाळा रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनीची नमुना-चित्रे वापरत. ती ‘शर्ली कार्ड’ म्हणून ओळखली जात. अनेक दशके त्या कार्डावरची स्त्री गोऱ्या कातडीची असे. तिचा चेहरा बरोबर आला की यंत्र बरोबर लागले, असा हिशोब. वेगवेगळ्या वर्णांच्या व्यक्ती असलेली कार्डे बऱ्याच उशिरा आली. म्हणजे ‘योग्य रंग’ कोणता, हे ठरवताना समोर कोण बसले होते यावर बरेच काही अवलंबून राहिले. प्रकाशयोजनेच्या आकृतीतले ते रिकामे वर्तुळही असेच आहे. ते रिकामे असते, पण त्यात कोणीतरी गृहीत धरलेले असते.

तुमच्या वर्गातल्या मुलाखती आठवून पाहा. पांढरी भिंत, समोर सावळा किंवा काळासावळा विद्यार्थी, मोबाइल स्वयंचलित एक्स्पोजरवर. यंत्र मोठ्या पांढऱ्या भिंतीचा उजेड मोजते, तो जास्त समजून चित्र गडद करते आणि चेहऱ्यातला तपशील जातो. मग कोणीतरी म्हणते, ‘याच्यावर अजून लाइट मारा.’ समोरून आणखी एक दिवा येतो. चेहरा आता उजळ होतो, पण राखाडी आणि सपाट दिसतो. कपाळावर आणि नाकावर पांढरे ठिपके चमकतात. शेवटी एडिटिंगमध्ये त्वचा फिकट केली जाते. या प्रवासात कोणाच्याही मनात वाईट हेतू नव्हता. तरीही त्या मुलाला पडद्यावर जो दिसला, तो तो नव्हता.

यामागचे कारण समजून घेऊ. त्वचेवरून प्रकाश दोन प्रकारे परततो. एक, त्वचेच्या आत शिरून पसरून बाहेर येणारा. हा त्वचेचा रंग दाखवतो. दोन, पृष्ठभागावरून आरशासारखा परतणारा. ही त्वचेची चमक. गडद त्वचेत पहिला भाग कमी असतो, त्यामुळे दुसरा भाग अधिक उठून दिसतो. म्हणून गडद चेहऱ्याचा आकार मुख्यतः चमकेतून वाचला जातो. लहान, उघडा दिवा चमकेचे छोटे, कडक ठिपके देतो. मोठा, मऊ स्रोत गालाच्या हाडावरून, कपाळाच्या कडेवरून चमकेचे लांब, सौम्य पट्टे काढतो आणि चेहरा घडवलेल्या मूर्तीसारखा उमटतो.

यातून व्यवहारात चार गोष्टी निघतात. पहिली, दिव्याची शक्ती वाढवण्याआधी त्याचा आकार वाढवा. बटर पेपर, पांढरी चादर, थर्माकोलचा मोठा तुकडा यांपैकी काहीही चालेल. तो चेहऱ्याच्या जितका जवळ, तितका प्रकाश मऊ. दिवा तापणारा असेल तर मात्र कागद किंवा कापड त्याला टेकवू नका. दुसरी, प्रकाश समोरून देण्याऐवजी थोडा बाजूने द्या, म्हणजे चमक गालावरून सरकत जाते. तिसरी, पार्श्वभूमी बदला. पांढऱ्या भिंतीऐवजी मध्यम रंगाचा पडदा, पुस्तकांचे कपाट, अंधारा बोळ. चौथी, एक्स्पोजर चेहऱ्यावर लॉक करा. झीब्रा वापरत असाल तर गोऱ्या त्वचेसाठी सांगितला जाणारा ७० टक्क्यांचा आकडा सगळ्यांना लावू नका. गडद त्वचा त्यापेक्षा बरीच खाली, तरीही अगदी योग्य असते. सावळा चेहरा सावळाच दिसला पाहिजे; फक्त त्यातला तपशील दिसला पाहिजे.

एका चौकटीत गोरा आणि गडद असे दोन चेहरे असतील तर बहुतेक जण गडद चेहऱ्यावर जादा दिवा टाकतात. उलट करून पाहा. गडद चेहऱ्याच्या व्यक्तीला की लाइटच्या जवळ बसवा आणि गोऱ्या चेहऱ्यावरचा प्रकाश काळ्या पुठ्ठ्याने थोडा कापा. सेटवर याच कामाला कटर वापरतात. मोजमाप कोणापासून सुरू करायचे, हा प्रश्न तांत्रिक दिसतो. पण चौकटीत पाहुणा कोण आणि यजमान कोण, हेच त्यातून ठरते.

५. सूत्राची बाजू

टीका करताना सूत्रावर अन्याय होऊ नये. दूरचित्रवाणीच्या मालिकांतले सपाट, सगळीकडे सारखे उजळलेले दिवाणखाने पाहून आपण नाके मुरडतो. पण अनेक कॅमेरे एकाच वेळी चालत असतात, नट कुठेही फिरतात आणि रोज प्रक्षेपणाची घाई असते. दर वेळी दिवे हलवणे तिथे परवडत नाही. कोणत्याही कोनातून चेहरा दिसला पाहिजे, ही त्यांची अट आहे आणि त्या अटीत ती प्रकाशयोजना बरोबर आहे. बातम्यांच्या स्टुडिओतही ठरलेले दिवे असणे सोयीचेच.

सूत्राचा दुसरा उपयोग निदानाचा. चित्रात काहीतरी खटकते आहे, पण काय ते कळत नाही, अशा वेळी एकेक दिवा बंद करून पाहावा. की बंद केल्यावर काहीच फरक पडला नाही, तर तुमचा फिल की होऊन बसला आहे. बॅक बंद केल्यावर चित्र सुधारले, तर केसांभोवतीचे ते वलय अनावश्यक होते. तीन नावे असल्यामुळे दोष शोधता येतो. आक्षेप आहे तो सूत्र डोळे मिटून लावण्यावर.

६. करून पाहा : खोली, खिडकी, थर्माकोल

दिव्यांचा संच नसला तरी ही तीनही कामे वसतिगृहाच्या खोलीत शिकता येतात.

• आधी खोलीतली ट्यूबलाइट बंद करा. दिवसाच्या उजेडासाठी साधारण ५६०० केल्विन धरतात, टंग्स्टन दिवा ३२०० केल्विनचा असतो आणि घरातला पिवळा बल्ब साधारण २७०० केल्विनचा. हे सगळे एकत्र आले की अर्धा चेहरा निळा आणि अर्धा पिवळा होतो. एकच जात निवडा आणि व्हाइट बॅलन्स तिच्यावर हाताने ठरवा.

• व्यक्तीला खिडकीपासून एक-दीड मीटरवर, खिडकीकडे तिरपे बसवा. हा तुमचा की. थेट ऊन येत असेल तर खिडकीवर पांढरा पातळ पडदा किंवा बटर पेपर लावा.

• विरुद्ध बाजूला थर्माकोल धरा. हा तुमचा फिल. तो हळूहळू दूर न्या आणि सावली कुठे ‘बोलू’ लागते ते पाहा. त्याच जागी काळे कापड धरून पाहा. सावली आणखी गडद होईल. प्रकाश काढून घेणे हीसुद्धा प्रकाशयोजनाच आहे.

• बॅक लाइटची गरज आहे का, हे शेवटी ठरवा. आधी व्यक्तीला भिंतीपासून पुढे आणा. तेवढ्याने भागले तर दिवा लावू नका.

• विजेचे दिवे वापरणार असाल तर शटर १/५० ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून काही ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. शटर १/६० असेल तर चित्रात सरकते पट्टे दिसू शकतात.

• शेवटी, चित्रीकरण सुरू करण्याआधी समोरच्या व्यक्तीला तिचा चेहरा पडद्यावर दाखवा आणि विचारा, ‘ठीक दिसता आहात का?’ तिच्या चेहऱ्याबद्दल तिला आकृतीपेक्षा जास्त माहिती असते.

सारांश

त्रिबिंदू प्रकाशयोजना आकार, सावली आणि सुटेपणा अशा तीन कामांची नावे देते. ही कामे किती दिव्यांनी करायची, एकाने, तिघांनी की नुसत्या खिडकीने, हे जागेचा उजेड आणि समोरचा चेहरा ठरवतो. सुब्रत मित्र यांनी अंगणाकडे पाहिले, मूर्तींनी दोन माणसांमधल्या अंतराकडे पाहिले. दिव्यांच्या जागा नंतर ठरल्या. तुमच्या पहिल्या मुलाखतीत समोर येऊन बसणारी व्यक्ती कदाचित आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्यासमोर बसत असेल. ती स्वतःला पडद्यावर ओळखू शकली, तर तुमची प्रकाशयोजना जमली.

स्वाध्याय

१. एकाच व्यक्तीचे एकच वाक्य २:१, ४:१ आणि ८:१ या तीन प्रमाणांत चित्रित करा. वर्गातल्या पाच जणांना दाखवून त्या व्यक्तीविषयीचे त्यांचे मत लिहून घ्या.

२. वेगवेगळ्या वर्णांच्या दोन मित्रांना एका चौकटीत बसवा. कोणताही दिवा न वाढवता, फक्त जागा बदलून आणि प्रकाश कापून, दोघांच्याही चेहऱ्यातला तपशील मिळवा.

३. तुमच्या भाषेतल्या कोणत्याही चित्रपटातले एक घरातले दृश्य निवडा. उजेड कुठून येतो असे दृश्य सांगते आणि प्रत्यक्षात चेहऱ्यावर तो कुठून पडतो, याची तुलना ३०० शब्दांत करा.